सुभेदारांचा नकार आणि केळुसकरांची भेट

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव अंबाजोगाई-परळीच्या टापूत वसलेले आहे. तेथील केदारेश्वराचे देवालय उत्तर चालुक्यांच्या काळातले; त्याच्या बाहेरच्या भिंतींवर कोरलेल्या सुरसुंदरी पाहण्यासाठी अभ्यासक दुरून येतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील मुलांची सहल घेऊन आम्ही काही पालक तेथे गेलो होतो. मुलांनी नुसती छायाचित्रे काढून परतण्यापेक्षा प्रत्येकाने एक तरी मूर्ती कागदावर उतरवावी, असे ठरले होते. सातवीतल्या एका मुलाचे चित्र खरोखरच चांगले उतरले. मग काय विचारता! आम्ही सारी मोठी माणसे त्याच्याभोवती गोळा झालो. कुणी त्याला जन्मजात चित्रकार ठरविले, कुणी त्याच्या बोटांत देवाची देणगी पाहिली, एका मातेने तर आपल्या मुलाला पुढे ओढून ‘बघ, याला म्हणतात हुशारी’ असे सुनावले. थोड्या वेळाने आम्ही त्याला शेजारची, जरा अवघड वळणाची मूर्ती दाखविली आणि तीही काढण्यास सांगितले. त्याने वही मिटली. पाय दुखतात, म्हणाला. पाय दुखत असतीलही. सकाळपासून मुले उभीच होती. परंतु दिवसभरात तो पुन्हा वहीकडे वळला नाही, हेही खरे.

त्याच वेळी गावातली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बाजूला उभी राहून हा सोहळा पाहत होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीपाशी राहिलेली. तिने कागद मागितला, आम्ही दिला. अर्ध्या तासाने तो कागद आमच्यातील एका शिक्षिकेपुढे धरून तिने विचारले, ‘बाई, चुकलं का?’ चित्र काही सुंदर नव्हते. मात्र मूर्तीच्या मनगटावरची कांकणे तिने एक एक मोजून काढली होती. बाईंनी ‘कांकणं मोजून काढलीस वाटतं?’ एवढेच म्हटले. मुलगी काही बोलली नाही. कागद घेऊन ती पुन्हा भिंतीपाशी गेली आणि या खेपेस पायांतले अलंकार मोजू लागली.

परतीच्या वाटेवर बसमध्ये वाद सुरू झाला. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, ‘तोंडावर वाखाणलं की पोर बिघडतं. आमच्या वडिलांनी आम्हांला कधी चांगलं म्हटलं नाही, म्हणून आम्ही नीट राहिलो.’ त्यावर त्यांच्याच वयाच्या एका भगिनी शांतपणे म्हणाल्या, ‘मलाही कुणी कधी चांगलं म्हटलं नाही. म्हणून आजही चार माणसांत तोंड उघडायचं झालं तर माझे हातपाय कापतात.’ दोघेही आपापल्या आयुष्याची साक्ष काढीत होते आणि दोघांचीही साक्ष खरी होती. हा वाद कानांवर पडत असताना आम्हांला महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रसंग आठवला. तो येथे जरा सविस्तर सांगावासा वाटतो, कारण मुलाचे कौतुक करावे की करू नये या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यात एकाच खोलीत समोरासमोर बसलेल्या दिसतात.

मुंबईच्या एका चाळीत राहणाऱ्या सुभेदार रामजी सकपाळ यांचा धाकटा मुलगा भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाला. चरित्रकार हा प्रसंग १९०७ सालच्या मॅट्रिकशी जोडतात, स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र इंग्रजी चौथीचा उल्लेख आहे. परीक्षा कोणतीही असो, समाजातला पहिलाच मुलगा या पायरीवर पोहोचला म्हणून समाजबांधवांनी त्याच्या अभिनंदनाची जाहीर सभा घेण्याचे ठरविले आणि ते परवानगीसाठी सुभेदारांकडे गेले. सुभेदारांनी साफ नकार दिला. अशाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल. त्याने परीक्षा दिली आहे, दुसरे काय केले आहे, असा त्यांचा सवाल होता.

हा नकार कुणा बेफिकीर बापाचा नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. मुलाला पुस्तक हवे असे कळले की हे वडील विवाहित मुलींकडे जात, त्यांचे दागिने गहाण टाकून पैसे उभे करीत आणि पुस्तक घरी आणीत. अपरात्री मुलाला अभ्यासाला उठविता यावे म्हणून ते स्वतः जागत बसत. ज्या हातांनी दागिने गहाण टाकले त्याच हातांनी त्यांनी हार नाकारला. आमच्या मागील पिढीतील अनेक वडील असेच होते. त्यांचे प्रेम पुस्तकाच्या, फीच्या, बुटांच्या रूपाने घरात येई; शब्दांच्या रूपाने क्वचितच.

निराश झालेले लोक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेले. दादा केळुसकर हे शिक्षक आणि चरित्रकार, सुभेदारांचे स्नेही. बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत आधीच भरला होता. त्यांनी मध्यस्थी केली, थोडी वादावादी झाली, सुभेदार नमले आणि सभा झाली. सभेच्या अखेरीस केळुसकरांनी त्या मुलाला स्वतः लिहिलेले, १८९८ साली प्रसिद्ध झालेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. त्या पुस्तकाने आपल्यावर केवढा परिणाम केला हे बाबासाहेबांनी पन्नास वर्षांनंतर लिहून ठेवले आहे. पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरांचाच हात होता.

आता बरोबर कोण होते? उत्तर देण्याची घाई न करता आम्ही थोडे मागे जाऊ इच्छितो, कारण सुभेदारांच्या मनातली भीती एकट्या सुभेदारांची नव्हती.

आपल्या घरांत मूल गोरेगोमटे दिसले की त्याच्या गालाला तीट लावण्याची रीत होती. जास्त कौतुक झाले की संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली जाई. ख्रिस्ती घरांनीही ही समजूत पूर्णपणे टाकली असे प्रामाणिकपणे म्हणवत नाही. नातवंडाला कुणी गुटगुटीत म्हटले की आजी हळूच क्रुसाची खूण करी, ती काही केवळ भक्तीने नव्हे. पवित्र शास्त्रातही दोन्ही सूर ऐकू येतात. बेन सिराच्या पुस्तकातील तिसावा अध्याय मुलाला लाडावून ठेवणाऱ्या बापाला चांगलेच फैलावर घेतो. तर संत पौल कलस्सैकरांना लिहिताना बापांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खचून जातील. छडीच्या समर्थनासाठी पहिल्या वचनाचा आधार पुष्कळांनी घेतला. दुसरे वचन विवाहाच्या उपदेशातच तेवढे ऐकू येते.

शाळेत कौतुकाला नियमांची चौकट मिळाली ती येशूसंघीयांच्या १५९९ सालच्या अभ्यासनियमावलीत. तीत विद्यार्थ्यांमधील चढाओढ हे शिक्षणाचे साधनच मानले होते. प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला असे, वर्गाचे दोन तट पडत, वार्षिक बक्षीस समारंभ थाटाने साजरा होई. छडीपेक्षा हे बरे, असा त्या काळचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता. मुंबईत १८६९ साली सेंट झेवियर्स उभे राहिले आणि त्या आधी व नंतर आपल्या धर्मगुरूंच्या व धर्मभगिनींच्या शाळा निघाल्या, तेव्हा सन्मानफलक, पदके आणि पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक ही सारी परंपरा आपल्याकडे आली. आमच्या धर्मग्रामाच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात दरवर्षी मिळणारी पेन्सिलपेटी तिचीच दूरची नात म्हणावी लागेल.

याहून निराळा सूर संत जॉन बॉस्को यांचा. तुरीनच्या रस्त्यांवरची, कारखान्यांतून हाकललेली, तुरुंगाच्या वाटेवरची मुले त्यांनी जवळ केली होती. १८७७ साली आपल्या शिक्षणपद्धतीविषयी लिहिलेल्या छोट्या टिपणात ते सांगतात की चांगल्या कामाची वाखाणणी हेच बक्षीस आणि हयगयीबद्दलची नापसंती हीच शिक्षा होय. वाक्य साधे दिसते, पण त्यात एक बारकावा आहे: वाखाणणी कामाची आहे. मुलगा थोर की सामान्य, याचा निवाडा त्यात नाही.

महाराष्ट्रात मात्र एका मोठ्या वर्गाच्या मुलांपुढे प्रश्नच वेगळा होता. त्यांचे जास्त कौतुक होऊन ती बिघडतील ही शक्यताच नव्हती, कारण शाळेच्या पायरीवरही त्यांना कुणी उभे करीत नव्हते. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, आणि गोरगरिबांच्या मुलांना शाळेची गोडी लागावी म्हणून शिष्यवृत्त्या व सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत असेही सुचविले. बक्षिसांवर टीका करणाऱ्या आजच्या विद्वानांनी हे निवेदन एकदा वाचावे. भरल्या ताटापुढे बसलेल्याला खाऊ देणे निराळे आणि दाराबाहेरच्याला आत बोलावताना देणे निराळे.

फुल्यांच्याच पुण्यातील शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजातील मुलगी शिकत होती. अवघ्या तीन वर्षांच्या शिक्षणानंतर, चौदाव्या वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ने १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो दोन भागांत छापला. (‘ज्ञानोदय’ अमेरिकन मराठी मिशनचा, आपल्या पंथाचा नव्हे, पण या कामाचे श्रेय त्याला मोकळ्या मनाने दिले पाहिजे.) मुक्ताविषयी अशी हकिकत सांगितली जाते की तिचे वाचन ऐकून खूश झालेल्या मेजर कँडींनी तिला खाऊ दिला, तेव्हा आम्हांला खाऊ नको, ग्रंथालय द्या, असे ती म्हणाली. हकिकतीतील शब्दांचे काय ते असो, निबंध मात्र छापील स्वरूपात आजही आहे आणि त्याहून मोठी शाबासकी चौदा वर्षांच्या मुलीला कोणती मिळणार? तिला कुणी हुशार म्हटले की नाही, याची नोंद नाही. तिचे म्हणणे शब्दशः ऐकले गेले आणि हजार लोकांपुढे ठेवले गेले, याची आहे.

शब्दांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ‘शाबास’ हा शब्द फारसीतून आला; ‘शाद बाश’ म्हणजे ‘आनंदी राहा’. आणि ‘कौतुक’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ स्तुती नव्हेच. तो आहे कुतूहल, नवल, पाहण्याची उत्सुकता. मुलाचे कौतुक करणे म्हणजे त्याने काय केले ते नवलाने पाहणे. पाहणे मागे पडले आणि नुसती वाहवा उरली, तेव्हा शब्द तोच राहिला आणि वस्तू बदलली.

पाहण्यावर भर देणाऱ्या मंडळींत एक नाव आपल्या ख्रिस्तसभेतल्या विदुषीचे आहे. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. तेथे पाहिलेला एक प्रसंग त्यांनी नोंदविला आहे. एका हुशार मुलाच्या गळ्यात बक्षिसाचा क्रूस अडकवलेला होता आणि दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीत बसविले होते. पहिला मुलगा सामान इकडून तिकडे नेण्यात गर्क होता. क्रूस गळून पडला. खुर्चीतल्या मुलाने तो उचलून दाखविला, तर पहिल्याने तो त्यालाच घालायला सांगितले आणि तो पुन्हा कामाला लागला. ज्याच्या हाताला काम होते त्याला बक्षिसाची गरज नव्हती. काम काढून घेतलेल्याला मात्र ते पुरले. येथून पुढे मॉन्टेसरींनी बक्षीस आणि शिक्षा दोन्हींना बालगृहातून रजा दिली.

हा विचार भावनगरच्या गिजुभाई बधेकांमार्फत गुजरातेत रुजला आणि ताराबाई मोडकांबरोबर महाराष्ट्रात आला. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ साली ताराबाई बोर्डीस आल्या, अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झाले. वसई-डहाणूकडील आमच्या वाचकांना ही टेकडी परकी नाही. मॉन्टेसरीची महागडी साधने वारली पाड्यांवर कोठून आणणार? शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांची साधने झाली. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात अंगणवाडी भरली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा गेली आणि तिला कुरणशाळा हे नाव पडले. बक्षीस वर्ज्य करणाऱ्या परंपरेतून आलेल्या या दोघींनी पाड्यावरच्या मुलाला दिलेला मान बक्षिसाहून काही कमी नव्हता. ‘तू हुशार आहेस’ असे म्हणण्याऐवजी त्यांनी त्याच्या कुरणापर्यंत पायपीट केली. आमच्या मते बालशिक्षणाच्या इतिहासातील हे पान पालकांच्या सभेत वाचून दाखवावे असे आहे.

शास्त्रज्ञांनी या प्रश्नाकडे वळायला विसावे शतक उजाडले. अमेरिकेत एलिझाबेथ हर्लॉक यांनी १९२५ साली अंकगणिताच्या वर्गात प्रयोग केला: काही मुलांना सर्वांसमक्ष वाखाणले, काहींना रागावले, काहींकडे दुर्लक्ष केले. वाखाणलेल्या मुलांनी सर्वाधिक प्रगती केली आणि रागावलेल्यांची प्रगती काही दिवसांतच थंडावली. दुर्लक्ष झालेल्यांची स्थिती रागावलेल्यांहूनही वाईट होती. १९७३ साली निराळीच गोष्ट पुढे आली. आवडीने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतील मुलांना प्रशस्तिपत्राचे आमिष आधी दाखविले, तर एक-दोन आठवड्यांनी त्यांची चित्रांतली गोडी जवळजवळ निम्म्यावर आली. तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळालेल्या मुलांची गोडी टिकली.

कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांचा १९९८ चा अभ्यास आता बराच प्रसिद्ध आहे. पाचवीच्या मुलांनी कोडी सोडविल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे सांगितले. नंतर सर्वांना मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुले त्यांपुढे लवकर हरली, पुन्हा सोपी कोडी दिल्यावर त्यांचे गुण पहिल्याहूनही घसरले, आणि दुसऱ्या मुलांना आपले गुण कळविताना दहांपैकी जवळजवळ चार जणांनी ते वाढवून सांगितले. एका वाक्याने मूल खोटे बोलू लागावे! या विचारावर पुढे जे शालेय कार्यक्रम आखले गेले त्यांचा परिणाम मोठ्या पाहण्यांत बेताचाच आढळला, हेही सांगितले पाहिजे. ‘हुशार’च्या जागी ‘मेहनती’ हा शब्द घोकल्याने चमत्कार होत नाही.

धर्मापुरीच्या त्या मुलाची आठवण मात्र आम्हांला २०१४ सालच्या नेदरलँड्समधील प्रयोगाने करून दिली. तेथे आठ ते बारा वर्षांच्या मुलांकडून व्हॅन गॉगच्या चित्राची नक्कल करून घेतली आणि चित्रकाराचा म्हणून अभिप्राय दिला. काहींना ‘सुंदर’, काहींना ‘अतिशय विलक्षण सुंदर’. पुढचे चित्र निवडायला सांगितल्यावर, आधीच स्वतःविषयी साशंक असलेल्या मुलांपैकी ज्यांना अतिस्तुती मिळाली त्यांनी सोपी चित्रे निवडली. आत्मविश्वास असलेल्यांवर तिचा उलट परिणाम झाला. ती अवघडाकडे वळली. आणि खेदाची बाब ही की मोठी माणसे अतिस्तुती करतात ती बहुधा बुजऱ्या मुलाचीच, त्याला धीर यावा म्हणून. उंचावर ठेवलेल्या मुलाला खाली पडण्याचे भय वाटते. वही मिटणे हा त्यावरचा सोपा उपाय.

या उजेडात सुभेदारांचा नकार पुन्हा पाहू. मुलाच्या डोक्यात हवा जाईल ही त्यांची शंका अनाठायी नव्हती. परीक्षा म्हणजे विद्या नव्हे हे त्यांचे म्हणणे तर आज अधिकच खरे आहे. पण घराबाहेर ज्या मुलाला वर्गात वेगळे बसविले जात होते, पाण्याला हात लावू दिला जात नव्हता, त्याला चार माणसांनी उभे राहून ‘तू आमचा’ म्हणण्याची किती गरज होती, हे केळुसकरांनी जाणले. आणि त्यांनी हारावर भागविले नाही. वाचणाऱ्या मुलाला त्यांनी पुढचे पुस्तक दिले. आमचे मत विचाराल तर त्या खोलीत दोघेही हवे होते. नुसते सुभेदार असते तर मुलगा शिकला असता पण एकाकी राहिला असता, नुसते हारवाले असते तर सभा संपली असती आणि गोष्टही संपली असती.

धर्मापुरी ज्या मराठवाड्यात आहे तो १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. माध्यमिक शिक्षण उर्दूतून. घरी मराठी बोलणारे मूल परक्या भाषेत अडखळले की ‘ढ’ ठरे. ती पिढी आता उरली नाही, पण बीड जिल्ह्यातून आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते. मागे राहिली तर आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात वाढतात. त्यांची वही संध्याकाळी उघडून पाहील असे घरात अनेकदा कुणी नसते. जास्त कौतुकाने मुले बिघडतात काय, हा प्रश्न आमच्या धर्मग्रामाच्या पालक सभेतला आहे. फडावरच्या कोपीत तो विचारण्याचे धाडस आम्हांला व्हायचे नाही.

बसमधल्या वादाचा निकाल लागला नाही. त्या ज्येष्ठ गृहस्थांनी उतरताना एवढेच सांगितले की वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पेटीत स्वतःची पहिलीपासूनची सगळी प्रगतिपुस्तके जपून ठेवलेली सापडली. त्यांवर वडिलांनी केलेल्या सहीव्यतिरिक्त एक अक्षरही नव्हते.

ज्या मुलाने वही मिटली होती त्याच्या आईने परवा सांगितले की त्याने ती दुसरी मूर्ती घरी, छायाचित्रावरून, कुणाला न दाखविता काढली आहे. हात जमला नाही म्हणून खोडून पुन्हा काढला, असेही तिला दिसले. आम्ही ती पाहायला मागितलेली नाही. या वर्षी पुन्हा धर्मापुरीस जायचे आहे. त्या मुलीसाठी आणि तिच्या सोबतिणींसाठी कोरे कागद जास्तीचे घ्यायचे, आणि जाण्याचा दिवस शक्यतो तिचे आईबाप फडावरून परतल्यानंतरचा ठेवायचा, असे ठरले आहे.